इसे जिंगू : आईबाबांना न्यावं का? (जपान)

सायली_नागोया

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात आईबाबा पहिल्यांदाच जपानला येतायत. क्योतो, नारा, हिरोशिमा सगळं ठरलंय, हॉटेलंही बुक झालीयत. आम्ही नागोयात राहतो, त्यामुळे मधे एक दिवस मोकळा आहे तर त्यांना इसे जिंगूला न्यावं असं माझ्या डोक्यात आहे. किंतेत्सुच्या गाडीने साधारण दीड तास, मोठ्ठं जंगल, नदी, आणि शिंतोमधलं सगळ्यात मानाचं ठिकाण, अमातेरासु म्हणजे सूर्यदेवतेचं. आईचा रोज सूर्याला अर्घ्य द्यायचा नेम आहे, तिला आवडेल असं वाटतं.

नवरा म्हणतो काय ठेवलंय तिथे. तो ऑफिसच्या लोकांबरोबर जाऊन आलाय. त्याच्या मते एवढं चालून गेल्यावर समोर लाकडी कुंपण, दारावर पांढरा पडदा आणि मागे छपराचं टोक. फोटोसुद्धा काढू देत नाहीत. त्यापेक्षा निक्कोला नेऊ, तिथे निदान कोरीवकाम तरी आहे म्हणतो.

आईचे गुडघे दुखतात आणि बाबा कट्टर शाकाहारी. जावं की नको? कुणी जाऊन आलं असेल तर लिहा प्लीज.

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नवरा जिंकला तर सांगा, तसं कधी वाचनात आलेलं नाही.

ओसाकावाला

जा. पण दोन्ही बघा, नुसतं नाइकू बघून परत येऊ नका. इसे जिंगू म्हणजे एक देऊळ नाही, लहानमोठी मिळून १२५ देवळं आहेत. त्यातली मुख्य दोन, गेकू (बाहेरचं) आणि नाइकू (आतलं). आधी गेकू मग नाइकू अशी पद्धत आहे. गेकू इसेशी स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटं, तिथून नाइकूला बस, पंधरा-वीस मिनिटं लागतात. गेकूत डाव्या बाजूने चालायचं, नाइकूत उजव्या. नाही पाळलं तर कोणी ओरडत नाही पण सगळे पाळतात.

नोव्हेंबरात पाचला बंद होतं हे लक्षात ठेवा. उघडतं मात्र पहाटे पाचला. तिकीट नाही.

खडूस काका

सायलीताई, तुमच्या यजमानांशी मी पूर्ण सहमत. आम्ही तिघं मित्र गेलो होतो. खडीवरून चालून चालून पोटऱ्या भरून आल्या, पायऱ्या चढलो आणि समोर पडदा. एक सुरक्षारक्षक हाताने "फोटो नाही" करत उभा. मूर्ती नाही, घंटा नाही, आरती नाही, गंध नाही. दोनदा वाकलो, दोनदा टाळ्या वाजवल्या, एकदा वाकलो, खेळ खल्लास. उतरताना मित्र म्हणाला, आपण नक्की काय बघितलं?

आणि "हजारो वर्षांचं प्राचीन देऊळ" म्हणतात ते बांधलंय २०१३ साली!! माझ्या सोसायटीची लिफ्ट त्याहून जुनी आहे.

केतकी

काका 😂😂 लिफ्ट

पारिजात

काका, मूर्ती दिसत नाही कारण दिसायची नसतेच. आत आरसा आहे, यता नो कागामी. तो कुणीच बघत नाही, येणारेजाणारे तर सोडाच. पडद्याचं म्हणाल तर मी उभी होते तेव्हा वाऱ्याची झुळूक आली आणि पडदा हातभर वर उडाला. आतलं अंगण दिसलं, पांढरे गोटे पसरलेले, त्यापुढे अजून एक दार. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी चटकन मान खाली घातली आणि मग माझ्याकडे बघून हसल्या. वाऱ्याने पडदा उडाला की देवाने या म्हटलं असं मानतात म्हणे. योगायोग म्हणा हवं तर, माझा पुढचा अख्खा दिवस बरा गेला.

सायली, जरूर ने गं. पण आईबाबांना आधीच सांगून ठेव की दर्शन असं काही नसतं, बालाजीच्या रांगेची अपेक्षा ठेवून गेले तर काकांसारखं होईल.

सुतारपक्षी

मी व्यवसायाने वास्तुविशारद, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच माफी.

काकांचा लिफ्टचा मुद्दा विनोद म्हणून भारी आहे पण इसेची खरी गंमत तिथेच आहे. दर २० वर्षांनी मुख्य देवळं शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नवीन बांधतात, देव रात्री मिरवणुकीने नव्या घरात नेतात आणि जुनं उतरवतात. शिकिनेन सेंगू म्हणतात याला. पहिल्यांदा झालं ६९० साली, जितो सम्राज्ञीच्या काळात. २०१३ चं बासष्टावं, पुढचं त्रेसष्टावं २०३३ ला, त्याचे विधी २०२५ पासून सुरू झालेत. मध्ययुगात यादवी युद्धांत शंभरेक वर्षं खंड पडला होता, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ चं लांबून १९५३ ला झालं. नाइकूच्या दारातला उजी पूल मात्र १९४९ लाच बदलला, म्हणून तेव्हापासून पूल सेंगूच्या चार वर्षं आधी बदलतात, २००९ ला झाला, आता २०२९.

बांधकाम असं की खांब थेट जमिनीत पुरलेले, खाली जोतं नाही, वर गवताचं छप्पर. जपानच्या पावसात हे किती टिकणार? दगडी जोतं घालून, कौलं चढवून शेकडो वर्षं टिकणारी देवळं बांधायला जपानी लोक तेराशे वर्षांपूर्वीच शिकले होते, नाराजवळचं होर्युजी आजही उभं आहे. तरी इसेला जुनी पद्धत सोडली नाही. टिकवायची होती ती रीत आणि कसब. विशीतला पोरगा पहिल्या सेंगूला उमेदवारी करतो, चाळिशीत मुख्य काम अंगावर घेतो, साठीत पुढच्यांना शिकवतो. नुसतं लाकूडकाम नाही, आत ठेवायच्या तलवारी, वस्त्रं, घोड्याचं सामान असल्या १५७६ वस्तू पण नव्याने करतात.

तेव्हा सायली, तिथे गेल्यावर देवळाशेजारची रिकामी जागा आईबाबांना नक्की दाखवा. पांढरी खडी आणि मधे एक छोटी खोपटी, बस. मला तर भरलेल्या जागेपेक्षा ती बघायला जास्त वेळ लागला.

बंड्या

पण दर २० वर्षांनी एवढं लाकूड तोडायचं म्हणजे पर्यावरणाच्या नावाने शंखच की. आपल्याकडे केलं तर लगेच मोर्चे.

झाडपाला

बंड्या, मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं उत्तर तिथल्या जंगलातच आहे. मी वनस्पतिशास्त्रवाली, देवळापेक्षा झाडांसाठी गेले होते.

इसे जिंगूचं जंगल साधारण ५५०० हेक्टर, म्हणजे इसे शहराचा जवळजवळ चौथा हिस्सा. लाकूड लागतं हिनोकीचं (जपानी सायप्रस), दहा हजारांच्या घरात ओंडके. पूर्वी आसपासचंच तोडायचे, मग जवळची मोठी झाडं संपली आणि कित्येक शतकं किसोच्या डोंगरातून आणायला लागले. त्यात एदो काळात (१६०३ ते १८६८) यात्रेकरूंचे लोंढे, त्यांच्या सरपणासाठी डोंगर बोडके झाले. मग इसुझु नदीला पूर यायला लागले. १९१८ च्या मोठ्या पुरानंतर लोकांचे डोळे उघडले आणि १९२३ ला २०० वर्षांचा आराखडा केला. दोनशे! लावणाऱ्याचा नातूसुद्धा ते झाड तोडायला नसणार. हिनोकी लावतात पण रुंद पानांची जंगली झाडं त्यात राहू देतात, सरसकट एकाच जातीची लागवड नाही. चांगल्या वाढणाऱ्या झाडांच्या बुंध्याला पांढरे पट्टे मारून ठेवतात, त्यांना जागा मिळावी म्हणून शेजारची काढतात. त्या विरळणीचं लाकूड २०१३ ला वापरलं, एकूण लागलं त्याच्या साधारण चौथा हिस्सा. स्वतःच्या जंगलातलं लाकूड सुमारे ७०० वर्षांनी वापरलं गेलं.

आणि जुनं लाकूड फेकत नाहीत. मुख्य देवळाच्या मोठ्या खांबांची उजी पुलाच्या दोन टोकांना तोरी (देवळाची कमान) होते, अजून २० वर्षांनी तीच लाकडं कुवाना आणि सेकीच्या जुन्या रस्त्यावर तोरी म्हणून उभी राहतात. बाकीचं देशभरातल्या देवळांना जातं.

नाइकूतल्या सुगींकडे (जपानी सीडर) बघा. वाटेलगतच्या बुंध्यांना खालून पुरुषभर उंचीपर्यंत बांबूच्या चिपा बांधल्यात, कारण लोक येऊन हात लावतात, मिठ्या मारतात, साल निघते. भक्तांपासून झाडांना वाचवावं लागतं हे वाचून हसू आलं.

नंदिनी_रत्नागिरी

वा झाडपाला! हे वाचून आमच्या गावची देवराई आठवली. आमच्याकडे नियम असा की पडलेली काठी पण उचलायची नाही. लहानपणी आम्ही करवंदं खायला आत शिरायचो तर आजी ओरडायची, राखणदार बघतोय म्हणून. इसेला तोडण्यासाठीच वाढवतात म्हणजे उलटंच की हो, तरी जंगल राहिलंय.

आमचं देऊळ मात्र राहिलं नाही. जुनं कौलारू होतं, लाकडी खांबांवर वेली कोरलेल्या, मधे चौकात समई. मुंबईकरांनी वर्गणी काढून जीर्णोद्धार केला. आता स्लॅब आहे, खाली चकचकीत फरश्या, बाहेर स्टीलचं रेलिंग आणि कळसाला ऑइलपेंट. पावसात फरशीवरून म्हातारी माणसं घसरतात. खांबांचं काय झालं विचारलं तर कुणाला माहीत नाही. आणि गाडी लावायला जागा हवी म्हणून देवराईची एक कड गेली ती गेलीच.

सुतारपक्षी

नंदिनीताई, जिथे दुखतं तिथेच हात घातलात. जीर्णोद्धार म्हणजे आपल्याकडे जुनं पाडून सिमेंटचं बांधणं असंच झालंय. नवीन बांधू नका असं म्हणतच नाही मी, इसेवाले तर सारखे नवीनच बांधतात. पण तसाच खांब परत घडवणारा सुतार गावात उरलाय का? वर्गणी जमते हो, सुतार कुठून आणणार.

खडूस काका

हे मान्य. आमच्या गावच्या मारुतीला पण टाइल्स लावल्यात, बाथरूमच्या. देव काही बोलत नाही.

मेघदूत

अवांतर, पण पुरीच्या जगन्नाथाचं नवकलेवर याच जातीचं आहे. तिथे देऊळ तेच राहतं, लाकडी मूर्ती बदलतात. अधिक आषाढ आला की, त्यामुळे अंतर कधी ८, कधी १२, कधी १९ वर्षांचं. शेवटचं २०१५ ला झालं, त्याआधी १९९६. झाड शोधायचे नियम कडक, आणि जुन्यातून नव्यात जे काही ठेवतात ते ठेवणारा पण डोळे बांधून ठेवतो. इसेला पण देव नेतात ते रात्री, दिवे विझवून, चारी बाजूंनी पांढरं रेशीम धरून.

टवाळ

रच्याकने ही इसुझु नदी म्हणजे ट्रकवाली इसुझु का?

ओसाकावाला

हो. ट्रक कंपनीचं नाव या नदीवरूनच आहे. उजी पूल ओलांडून आत गेलात की उजवीकडे नदीला उतरायला दगडी घाट आहे, तिथे पाण्यात हात धुवून पुढे जायचं. त्या घाटाची फरसबंदी शोगुन (तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता) त्सुनायोशीच्या आईने १६९२ ला करून दिली म्हणतात. हौदावरच्या पळीने हात धुण्यापेक्षा मला हे फार आवडतं. सायलीताई, आईंना इथेच अर्घ्य द्यावंसं वाटेल बघा, पण फुलं वगैरे सोडू देऊ नका.

जयू

काका म्हणाले आरती नाही, पण नैवेद्य आहे आणि तो कसा ते वाचा. गेकूची देवता तोयोउके, तिचं कामच मुळी अमातेरासुच्या जेवणाचं बघणं. तिला त्यासाठीच तांबा प्रांतातून बोलावून घेतलं अशी कथा आहे. गेकूत दिवसातून दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, देवांना जेवण जातं, १५०० वर्षं झाली म्हणतात, पाऊस असो वादळ असो. आपल्याकडे यज्ञाला अरणी घासतात तसं लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडतात, विहिरीचं पाणी, स्वतःच्या शेतातला भात, फुतामीच्या किनाऱ्यावर केलेलं मीठ. मातीची ताटं वाट्या एकदा वापरून परत वापरत नाहीत. ताटात भात, पाणी, मीठ, भाज्या, फळं, समुद्री शेवाळ, साके आणि मासे.

बंड्या

मासे???

जयू

हो, ताई मासा, सुकवलेला बोनितो. सणांना अबालोनी (एक समुद्री गोगलगाय) पण.

नंदिनी_रत्नागिरी

म्हणजे आमच्याच बाजूचा देव आहे 😄

टवाळ

सायलीच्या बाबांना हा प्रतिसाद दाखवू नका.

विदिशा

शाकाहारींसाठी लिहिते. इसे उदोन म्हणून जाड, मऊ, बोटाएवढ्या नूडल्स मिळतात, काळ्या रश्शात. दिसायला शाकाहारी, पण रश्श्यात माशाचं दाशी (उकळून काढलेला अर्क) असतं, बाबांना चालणार नाही. डबा न्या, ठेपले सगळ्यात बेस्ट. पण अकाफुकू चुकवू नका, तांदळाच्या मोचीवर लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, पूर्ण शाकाहारी. १७०७ पासूनचं दुकान आहे, नाइकूबाहेरच्या ओहाराइमाचीत, सकाळी पाचलाच उघडतं. वर बोटांनी तीन रेघा ओढलेल्या असतात, त्या नदीचं पाणी, खालची पांढरी मोची म्हणजे नदीतले गोटे. बसून खाल्लं तर सोबत चहा मिळतो. माझ्या सासूबाई म्हणाल्या पुरणपोळीचं पुरण बाहेर काढून ठेवलंय.

श्रीरंग

एक वेगळा अनुभव. आमच्या टीमची इसेला ट्रिप गेली होती. सगळे उजी पुलाशी आले आणि एक सहकारी म्हणाला तुम्ही जाऊन या, मी बाहेर कॉफी पितो. मला वाटलं पाय दुखत असेल. नंतर कळलं त्याची आजी महिन्याभरापूर्वी गेली होती. शिंतोत ५० दिवस तोरीच्या आत जात नाहीत. मी म्हटलं आमच्याकडे पण सुतक असतं, तेव्हा देवळात जात नाही. तो चकित झाला आणि मग परतीच्या गाडीत नागोया येईपर्यंत आम्ही दोघं कुणाकडे किती दिवस, लग्न झालेल्या मुलीला किती, चुलत्याला किती यावरच बोलत होतो. दोन वर्षं शेजारी बसून आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

सायलीताई, कुटुंबात असं काही असेल तर आईबाबांनी काय करायचं ते त्यांनीच ठरवावं, तिथे विचारत कुणी नाही.

मेघदूत

एदो काळात लोक इसेला पायी जायचे, एदोहून म्हणजे आताच्या टोकियोहून एका बाजूने पंधरा दिवस. अधूनमधून अख्खा देश उठून निघायचा. १८३० साली काही महिन्यांत ४० लाखांहून जास्त लोक गेल्याची नोंद आहे, तेव्हा देशाची लोकसंख्या ३ कोटींच्या आसपास. नोकर मालकाला न सांगता, पोरं आईबापांना न सांगता निघायची, रस्त्यातले लोक खायला घालायचे. ज्यांना जमत नाही ते आपला कुत्रा पाठवायचे, गळ्यात पैसे आणि चिठ्ठी बांधून. वाटेतले लोक त्याला खाऊ घालून पुढच्या गावाच्या वाटेला लावायचे. बाकी आपल्या वारीशी जुळेल, कुत्र्याचं मात्र आपल्याकडे ऐकलं नाही.

खडूस काका

आपल्याकडे कुत्रा पंढरपूरला पोचेल हो, गळ्यातले पैसे नाही पोचणार. (हलकेच घ्या.)

टोकियोकर

एवढं लांब कशाला, टोकियोत मेईजी जिंगू आहे, शहराच्या मधे ७० हेक्टर जंगल. आणि ते नैसर्गिक नाही, माणसांनी लावलेलं आहे. देशभरातून लाखभर झाडं लोकांनी भेट दिली, १९२० ला देवस्थान सुरू झालं. आज आत गेलात तर सांगूनही पटणार नाही. निक्को पण सुंदर आहे पण नागोयाहून एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसांना शिक्षा.

झाडपाला

मेईजीला +१, पण वयाचा फरक जाणवतो. गेकूत एक कापराचं झाड आहे, कियोमोरी कुसु. बाराव्या शतकातला सरदार ताइरा नो कियोमोरी इथे आला तेव्हा त्याच्या टोपीला फांदी लागली म्हणून त्याने ती तोडायला लावली अशी गोष्ट सांगतात. झाड अजून उभं आहे.

सायली_नागोया

बापरे, दोन दिवस बघितलं नाही तर एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे खूप आभार.

नवऱ्याला सुतारपक्षींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. रिकामी जागा त्याने बघितलीच नव्हती, पार्किंग असेल असं वाटलं होतं म्हणाला. आता तोच म्हणतोय जाऊ. (टवाळ, नोंद घ्या.) आईला फोनवर सुतकाचं आणि दोन वेळच्या नैवेद्याचं सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, स्वयंपाक सोवळ्यात करतात का?

आता दोनच शंका. आईला खडीवर चालवेल का, आणि जेआर पास आहे त्यांच्याकडे, तो चालेल का?

ओसाकावाला

सोवळ्यातच म्हणा, पुजारी आदल्या रात्रीपासून तिथेच राहून आंघोळ करून शुद्ध होतात.

पास किंतेत्सुला चालत नाही, कंपनी वेगळी. जेआरची 'मिए' नावाची जलद गाडी नागोयाहून थेट इसेशीला जाते, तिच्यावर पास चालतो पण मधला काही भाग इसे रेल्वेचा आहे, त्याचे थोडे पैसे वेगळे. गुडघ्यांचं म्हणाल तर खडी जाड आहे आणि नाइकूत मुख्य देवळासमोर दगडी पायऱ्या आहेतच. दोन्हीकडे प्रवेशापाशी व्हीलचेअर मिळते, लाजू नका. नाहीतर पायऱ्यांच्या खालूनच नमस्कार करा. शक्य असेल तर १, ११ किंवा २१ तारीख धरा, सकाळी देवाच्या घोड्याला दर्शनाला आणतात. बाबा खूश होतील.

सायली_नागोया

२१ लाच जातोय मग! विदिशा, ते अकाफुकू सोलापूरला मावशीसाठी नेता येईल का? परतीचं विमान त्यानंतर आठवड्याने आहे.

विदिशा

नाही गं, थंडीत तीन दिवस, उन्हाळ्यात दोनच. मावशीला फोटो पाठव आणि तिचा वाटा बाबांना दे.

टवाळ

मावशीने हा धागा वाचला तर?